माझ्या खुर्चीत बसून माऊस धरणाऱ्या तरुणास

स. न. वि. वि.

तुमचे नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे पत्र असे उघड लिहावे लागत आहे. तुमच्या कंपनीच्या कार्यालयात मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तक्रार क्रमांक विचारण्यात आला आणि ‘तुमची तक्रार बंद झालेली आहे’ एवढे सांगून फोन ठेवण्यात आला. तक्रार नसून आभार मानायचे आहेत, हे कोणत्या रकान्यात नोंदवायचे ते पलीकडच्या बाईंना कळेना, आणि त्यात त्यांचा काही दोष आहे असे मला वाटत नाही.

ओळख पटावी म्हणून सांगतो. सांगलीच्या गावभागातले जुने घर, माजघरात खिडकीशी टेबल, आणि संध्याकाळी वाय-फाय मंदावते ही तक्रार. तुम्ही राउटर पाहायला आला होता आणि मी टेबलाशी माऊसबरोबर झटत होतो.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी याच माजघरात आले होते. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात मी शिकवलेल्या वर्गांचे फोटो होते, दर वर्षीचा एक. बत्तीस वर्षे विज्ञान शिकवले, तेवढे फोटो. त्यातले काही एकमेकांना असे चिकटले की ते सोडवायचा नाद सोडून द्यावा लागला. जे वाचले ते स्कॅन करून, कडांचे मातकट डाग कापून नीट जपून ठेवावेत, असे काम मी निवृत्तीनंतर हाती घेतले. जुनी हार्ड डिस्क भरली तेव्हा मुलाने पुण्याहून नवी, वेगवान डिस्क पाठवली आणि साधारण त्याच सुमारास माऊस अडखळू लागला. डागाच्या कडेने बाण न्यावा तर तो मध्येच थबके, मग एकदम उडी मारून पुढे जाई, आणि डागाबरोबर मागच्या रांगेतल्या एखाद्या उंच मुलाचे डोकेही कापले जाई.

यानंतर जे दोन-अडीच महिने गेले, त्यांविषयी थोडे कडवटपणे लिहितो आहे, त्याबद्दल क्षमा असावी. एका दुकानाने मला नवा माऊस विकला. दुसऱ्याने माऊसखालचे पॅड विकले. तिसऱ्याने लॅपटॉप फॉरमॅट करून दिला, त्याचे वेगळे पैसे घेतले. गंमत अशी की दुकानात नेला की तोच माऊस शहाण्या मुलासारखा वागे आणि घरी आला की पुन्हा खोड्या सुरू. शेवटी त्या तिसऱ्या दुकानदाराने अगदी मायेच्या सुरात सांगितले, ‘‘काका, माऊसला काही झालेले नाही. वय झाले की हात थोडा थरथरतोच. मनाला लावून घेऊ नका.’’ त्यांनी माऊस तपासला, लॅपटॉप तपासला आणि शेवटी मला तपासले. माझ्या टेबलापर्यंत मात्र कोणी आले नाही.

मी मनाला लावून घेतले. घरी येऊन हात सरळ धरला, पालथ्या पंज्यावर कोरा कागद ठेवला आणि त्याची कड हलते का ते पाहत बसलो. कड हलत होती. ती कोणाच्याही हातावर थोडीफार हलतेच, हे विज्ञानाच्या शिक्षकाला ठाऊक असायला हवे होते, पण भ्यालेल्या माणसाचे शास्त्र असेच असते. मिरजेच्या मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घेतली. सौ. काही बोलली नाही, परंतु तिने चहाचा कप अर्धाच भरून द्यायला सुरुवात केली, आणि ते कोणी काही बोलण्यापेक्षा अधिक लागले.

त्या संध्याकाळी तुम्ही राउटरकडे जाता जाता थांबलात, तेव्हा मी ओशाळून म्हणालो, ‘‘माझा हात थरथरतो हो, म्हणून वेळ लागतो.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘सर, जरा उठता का?’’ विजारीला हात पुसून तुम्ही माझ्या खुर्चीत बसलात आणि माऊस धरलात. आधी आडवा फिरवलात, मग गोल, मग मी जो डाग कापत होतो त्याच्याच कडेने हळूहळू नेऊ लागलात. बाण थबकला. पुन्हा नेलात; त्याने उडी मारली. तेव्हा तुम्ही माऊस सोडून उजवा पंजा दिव्याच्या उजेडात धरलात, आम्हा दोघांनाही दिसेल असा, आणि म्हणालात, ‘‘मग माझापण हात थरथरतोय म्हणायचा की, सर!’’ सौ. चहा घेऊन दारात उभी होती. ट्रे हातात धरून ती तशीच उभी राहिली.

माझे आभार आहेत ते या क्षणासाठी. पुढे जे झाले ती तुमची हुशारी, आणि हुशार माणसे मी वर्गात पुष्कळ पाहिली आहेत. पण त्या क्षणी तुम्हाला कारण माहीत नव्हते. नव्या डिस्ककडे तुमचे लक्षही गेले नव्हते. कारण सापडण्याच्या आधीच तुम्ही माझे म्हणणे खरे मानलेत, माझ्या जागी बसून पाहिलेत, आणि तेही माऊस हे तुमचे काम नसताना. समोरच्या माणसाला खोटा किंवा खचलेला न धरता त्याची अडचण आधी आपल्या हाताने अनुभवावी, एवढ्याशा सभ्यतेला पैसे पडत नाहीत, आणि तरीही ती इतकी दुर्मीळ का व्हावी, याचे उत्तर मला बत्तीस वर्षांच्या नोकरीत सापडलेले नाही.

मग तुम्ही विचारलेत, ‘‘ही डिस्क कायम जोडलेली असते?’’ तिची वायर उपसलीत आणि माऊस सरळ चालू लागला. दुकानात मी फक्त लॅपटॉप आणि माऊस नेत असे, डिस्क घरीच राही. दुकानातल्या शहाणपणाचे कोडे तिथेच सुटले. वाय-फाय मंदावण्याचे कारणही तीच डिस्क, कारण संध्याकाळ ही माझी स्कॅनिंगची वेळ.

तुम्ही गेल्यावर मी या विषयावर वाचले. निळ्या खाचेच्या यूएसबी ३.० मधून माहिती सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने धावते आणि त्या धावपळीचा रेडिओ-गोंगाट खाच, वायर आणि डिस्क यांतून बाहेर झिरपतो. तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो, आणि माझे वाय-फाय नि बिनतारी माऊसचा इवलासा रिसीव्हर नेमके त्याच पट्ट्यात कान लावून बसलेले असतात. हा गोंगाट गाळूनही टाकता येत नाही, कारण तो त्या सिग्नलचाच भाग आहे. उपाय म्हणजे आच्छादन चांगले हवे, नाहीतर अंतर तरी हवे. इंटेल कंपनीने हे सारे २०१२ मध्येच लिहून प्रसिद्ध केले होते. माझी जुनी डिस्क यूएसबी २.० ची, सेकंदाला ४८० मेगाबिटवाली, म्हणून तिने कधी त्रास दिला नाही. स्वयंपाकघरात मिक्सर लागला की सांगली आकाशवाणी खरखरू लागे, हे आमच्या घरातले रोजचे होते आणि त्याच उदाहरणावरून मी मुलांना व्यत्यय शिकवत असे. शेजारशेजारच्या दोन खाचांत मी स्वतःच मिक्सर आणि रेडिओ बसवले आहेत, हे मात्र मला दिसले नाही. तेव्हा दुकानदारांना बोल लावताना एक बोट माझ्याकडेही वळते.

मिरजेची वेळ मी रद्द केली नाही. डॉक्टरांनी कागदावर आतून बाहेर जाणारी चक्री काढायला सांगितली, ती गुळगुळीत आली. ती तशी येणार हे मला सांगलीहून निघतानाच माहीत होते. चहाचा कप आता पुन्हा भरलेला मिळतो.

डिस्क आता लॅपटॉपच्या एका बाजूला असते, आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या पिशवीतून निघालेली ती काळी एक्स्टेन्शन केबल, जिच्या टोकाशी रिसीव्हर माऊसच्या पॅडजवळ पडून असतो. केबलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ‘‘जुनीच आहे, सर’’ म्हणालात. मी नवी आणून ठेवली आहे. तुमची जुनी आहे तिथेच राहू द्या, माझा जीव तिच्यावर बसला आहे. नवी घेऊन जा. पुढच्या कॉलची घाई म्हणून चहाही तुम्ही अर्धा टाकून गेला होता. संध्याकाळी मी घरीच असतो. सध्या १९९४ चा वर्ग कापतो आहे, आणि मागची रांग पूर्ण आली आहे.

आपला,
गावभागातला एक निवृत्त शिक्षक