वर्षावासातील रविवारच्या वर्गांबद्दल आभार

आदरणीय ताई,
सविनय जय भीम.

यंदाच्या वर्षावासात, म्हणजे भिक्खू पावसाळ्यात एकाच ठिकाणी राहतात त्या आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या काळात, दर रविवारी आपण सोलापुरातील आमच्या विहारात येऊन भिक्खू संघाला मोबाईलवर येणारा मजकूर पारखून घ्यायला शिकवलेत, त्याबद्दल विहार समितीच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. बाराच्या आत भोजन आटोपल्यावर भंतेजींची विश्रांतीची वेळ असते आणि आपल्याकडची दुपार पावसाळ्यातही डोळ्यांवर येते. तरीही वर्गात कुणी पेंगलेले मी पाहिले नाही.

वर्तमानपत्रात उमेदीची वर्षे काढलेली व्यक्ती भंतेजींना चार गोष्टी सुनावणार, अशी मला धास्ती होती. आपण मात्र सुरुवात अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथातील कालाम सुत्ताने, म्हणजे कालामांना केलेल्या बुद्धांच्या उपदेशाने केलीत. ‘मा इतिकिराय’, म्हणजे लोक म्हणतात म्हणून मानू नका, हे सर्वांना मुखोद्गत होते. त्याच यादीच्या शेवटी ‘मा समणो नो गरू’, म्हणजे श्रमण आपले गुरू आहेत एवढ्यावरूनही मानू नका, असे आहे, यावर आपण बोट ठेवलेत, तेव्हा एका ज्येष्ठ भंतेजींनी हातातला फोन हळूच चीवराच्या घडीत सरकवला. त्यांनी पुढे पाठवलेला कोणताही मजकूर आम्ही उपासक डोळे झाकून खरा मानत आलो, हे त्यांच्याइतकेच आम्हालाही त्या दिवशी उमगले.

दुसऱ्या रविवारी आपण राईनपाड्याचा विषय काढलात. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील त्या गावात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ज्या पाच जणांना ठार मारले, ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे होते आणि त्यांतले बहुतेक आपल्याच जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते. त्या काळात देशभर फिरलेली मूल पळवण्याची एक चित्रफीत तर कराचीत जनजागृतीसाठी बनवलेल्या फिल्मचा कापलेला तुकडा होती. भिक्षापात्र घेऊन अनोळखी गावात जाणाऱ्यांना यापुढे काही समजावून सांगावे लागले नाही.

नंतरचे वर्ग हाताने करून पाहण्याचे होते. ‘सोलापुरात आज महापूर’ असे लिहिलेले छायाचित्र एका श्रामणेरांनी (नवदीक्षित भिक्खूंनी) बोटांनी मोठे केले आणि मागच्या दुकानाची पाटी बंगालीत असल्याचे दाखवले, तो आनंद पाहण्यासारखा होता. बुद्धवचन म्हणून आलेली सुविचारांची चित्रे ‘कोणत्या सुत्तातले?’ या एका प्रश्नावर गळून पडू लागली. व्हॉट्सॲपवर दुहेरी बाणाची खूण दिसली की तो मजकूर अनेक हातांतून फिरून आला आहे, हेही मला तिथेच कळले. युनेस्कोने आपले राष्ट्रगीत सर्वोत्तम ठरवल्याची थाप मी स्वतः वर्षानुवर्षे दर पंधरा ऑगस्टला पाठवत होते, हे आपल्यासमोर कबूल करण्याचे धैर्य तेव्हा झाले नाही. ते आज करते.

पंचशीलातील मुसावादाविषयीच्या, म्हणजे खोटे न बोलण्याच्या शीलाविषयीच्या प्रवचनात भंतेजी आता न तपासता पुढे पाठवण्याचाही उल्लेख करतात. विहाराच्या ग्रुपवरचे संदेश निम्म्याने घटले असून ‘ग्रुप बंद पडला काय?’ अशी तक्रार दोन उपासकांनी माझ्याकडे केली आहे. मानधन आपण घेतले नाहीत आणि रिक्षाचे भाडेही देऊ दिले नाहीत. निदान येत्या रविवारी भोजनदानाला आपण यावे, ही समितीची विनंती आहे.

आपली नम्र,
विहार समितीची सचिव, सोलापूर