मतपत्रिकेवरचा नावांचा क्रम - रविवारी चिठ्ठ्या काढणार, सगळ्यांनी या

नमस्कार मंडळी, आपल्या जुळे सोलापूरच्या कॉलनी मंडळाच्या इलेक्शनला यंदा ७ जागांसाठी १२ जण उभे आहेत आणि त्यांची नावं मतपत्रिकेवर कुठल्या क्रमाने छापायची ते येत्या रविवारी सकाळी १० वाजता मारुती मंदिराच्या कट्ट्यावर ठरवायचंय. मागच्या वेळी अआइई लावलं होतं. मत देऊन बाहेर आलेले एक आजोबा मला म्हणाले, "चष्मा घरीच राहिला की वो, वरच्या सातांवर मारले शिक्के." मोजताना तशा मतपत्रिका बऱ्याच निघाल्या. शेवटच्या नावाच्या ताई हरल्या त्या फक्त ४ मतांनी, मला अजून वाईट वाटतंय, आडनाव 'ह' वरून आहे यात त्यांचा काय दोष?

लोकसभा-विधानसभेला आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग इतर नोंदणीकृत पक्ष, मग अपक्ष असे गट आणि गटात वर्णानुक्रम असतो, पण तिथं चिन्ह बघून बटण दाबतात, आपल्याकडं नुसती नावं. ऑस्ट्रेलियात संसदेच्या खालच्या सभागृहासाठी १९८४ पासून क्रम सोडतीनं ठरतो आणि त्यांच्याच टास्मानिया राज्यात तर वेगवेगळ्या मतपत्रिकांवर नावं फिरवून छापतात.

आपण दोन्ही करू. स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या सगळ्यांसमोर लहान पोरगं काढेल, मग मतपत्रिकांचे ३ सारखे गठ्ठे, एक १ नंबरपासून, दुसरा ५ पासून, तिसरा ९ पासून सुरू, आणि वाटायच्या आधी सगळे पत्त्यांसारखे पिसायचे. झेरॉक्सचा खर्च थोडा वाढेल, वाढू दे. उमेदवारांनी स्वतः यावं नाहीतर कुणालातरी पाठवा, आणि चष्मा आणा प्लीज.