दिल्या, मनूच्या फीचा चेक थांबव

पुणे
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय दिल्या,

सप्रेम नमस्कार वगैरे. तुझा मेसेज येऊन अकरा आठवडे झाले आणि त्यावर मी नुसता अंगठा टाकून गप्प बसलो, हे मान्य. "भावजी कामात असतील" असं वहिनी आमच्या घरी म्हणाल्याचंही कळलं. कामात नव्हतो. दुकानात कॉम्प्युटर बसवताना मी न मागता सल्ला दिला होता आणि तू सव्वा वर्ष बोलला नाहीस, ते आठवून हात आखडता घेतला. पण काल तू मनूला, म्हणजे तुझ्या लेकीला, जिथे घालणार त्या गेमच्या इन्स्टिट्यूटचं ब्रोशर पाठवलंस आणि खाली लिहिलंस, "तीस तारखेला चेक देतोय, अभिनंदन कर." अभिनंदन करत नाही. चेक थांबव. आता पुन्हा सव्वा वर्ष अबोला धरायचा तर धर, पण हे पत्र संपवून धर.

(माझं बीपी गोळीवर आहे, आईचा गुडघा जैसे थे. हे उरकलं.)

ब्रोशर मी चष्मा लावून दोनदा वाचलं. तीन वर्षं, नऊ लाख, "गेम डिझाइन अँड डेव्हलपमेंट" आणि शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स. यातला शेवटचा शब्द नीट वाच. असिस्टन्स म्हणजे ते मनूचा सीव्ही दहा ठिकाणी ईमेल करतील. तेवढं तुझ्या दुकानातला पोऱ्यासुद्धा करील. पहिल्या फोनला विचार, की मागच्या बॅचमधली किती मुलं लागली, कुठल्या हुद्द्यावर लागली, आणि त्यातली सहा महिन्यांच्या कंत्राटावर किती. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा "सर, तुम्ही एकदा कॅम्पसला या" म्हणाला की समजून जा.

कंत्राटावर टेस्टर, म्हणजे गेममधल्या चुका शोधणारा, म्हणून लागणं वाईट नाही, दिल्या. चांगले चांगले लोक तिथूनच वर गेलेत. पण त्यासाठी नऊ लाख लागत नाहीत. अकरा टक्क्यांनी कर्ज काढून सात वर्षांत फेडायचं म्हटलं तर नऊ लाखांचा हप्ता महिन्याला साधारण १५,४०० बसतो, आणि शिकतानाच्या तीन वर्षांचं व्याज त्यावर वेगळं. टेस्टरची सुरुवात वर्षाला तीन-चार लाखांच्या आसपास होते. पुण्यात तिघींत मिळून खोली घेतली तरी हातात काय उरेल, ते तू हळदीच्या पोत्यांचा हिशेब करतोस तसं करून बघ.

त्या ब्रोशरात नोकरी देणाऱ्यांच्या यादीत पैसे लावून खेळायची रमी आणि फँटसी क्रिकेटवाल्यांचे लोगो अजून आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैशांचे खेळ बंद झाले, तिथल्या नोकऱ्याही गेल्या. ज्यांनी यादी बदलायची तसदी घेतली नाही, ते अभ्यासक्रम किती बदलत असतील?

आता मुद्द्याचं. मनूला "गेम डिझायनर" व्हायचंय असं तू लिहितोस. स्टुडिओत, म्हणजे गेम करणाऱ्या कंपनीत, हा शब्द फार अरुंद अर्थाने वापरतात. डिझायनर चित्र काढत नाही, कोडही फारसा लिहीत नाही. शत्रूला किती फटक्यांत मारता यावं, दार कधी उघडावं, दुसऱ्या खोलीत खेळणाऱ्याला कंटाळा का येतो, हे तो ठरवतो, एक्सेलमध्ये आकडे भरतो आणि दिवसभर लोकांना समजावत बसतो. एका टीममध्ये आर्टिस्ट चाळीस असले तर डिझायनर चार-पाच असतात, आणि नवख्याला ती जागा जवळपास मिळत नाही. म्हणजे ब्रोशरात ज्या दाराचं नाव मोठ्या अक्षरांत आहे, तेच दार सगळ्यात चिंचोळं. आत शिरायची दारं कोड, आर्ट, ॲनिमेशन आणि टेस्टिंग. यातलं एक आधी निवडायचं, मग कॉलेज. तुम्ही उलटं करताय.

आणि आपल्याकडचं काम कसलं असतं तेही तिला सांग. ध्रुव इंटरॲक्टिव्ह ही कंपनी १९९७ मध्ये बंगळुरूत सुरू झाली, ती मोठी झाली परदेशी गेम्ससाठी गाड्या, झाडं, इमारती करून. २०१९ मध्ये ती रॉकस्टार या परदेशी गेमकंपनीने विकत घेतली. पुण्यात युबिसॉफ्ट ही फ्रेंच गेमकंपनी २००८ पासून आहे. इथलं बरंचसं काम म्हणजे बाहेर ठरलेल्या गेमचा एक तुकडा. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या जुन्या गेमचा रीमेक सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबई स्टुडिओंच्या नावाने जाहीर झाला, ट्रेलरला लोकांनी शिव्या घातल्या आणि २०२२ मध्ये काम त्यांच्याच माँट्रियलच्या स्टुडिओला गेलं. स्वतःचा गेम करणारेही आहेत. 'राजी' पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून वर्गणी मागायच्या साइटवर, पैसे जमले नाहीत, तरी २०२० मध्ये तो बाहेर आला. म्हणजे होतं, पण जीव काढून होतं. वर तिकडे बसणारे धक्के इकडेही लागतात. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एकट्या गेमिंगमधून १,९०० जणांना घरी पाठवलं. म्हणून म्हणतो, हातात अशी पदवी हवी जी गेमिंग आपटलं तरी पोटाला घालील.

मनूचं गणित चांगलं आहे ना? (तुझ्यावर गेली नाही, देवाची कृपा.) मग कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या प्रवेशफेरीत, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग भर. सांगलीतच वालचंदला मिळालं तर डोळे मिटून घे, घरचा डबा मिळेल. गेमचा प्रोग्रॅमर आधी प्रोग्रॅमर असतो. मुलाखतीत सी-प्लस-प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा, डेटा स्ट्रक्चर्स (माहिती कशी रचून ठेवायची ते) आणि व्हेक्टरचं गणित विचारतात. उदाहरणार्थ, पहारेकऱ्याला चोर दिसतोय का? पहारेकऱ्याच्या नाकाची दिशा आणि चोराकडे जाणारी दिशा, दोन्हींची लांबी १ करून त्यांचा डॉट प्रॉडक्ट, म्हणजे दोन दिशा किती जुळतात तो आकडा, काढायचा. उत्तर ऋण आलं तर चोर पाठीमागे. नजरेचा पट्टा १२० अंशांचा असेल, तर ०.५ पेक्षा जास्त आलं की दिसला, कारण अर्धा कोन साठ आणि कॉस साठ म्हणजे अर्धा. हे अकरावी-बारावीचंच आहे. मनूला विचार, पाच मिनिटांत सांगेल. न सांगता आलं तरी बिघडत नाही, पण ऐकून डोळे चमकतात का ते बघ.

नवशिक्यांचा पहिला गेम हमखास कुठे फसतो, तेही सांगतो. दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला, माणूस पाच पिक्सेल पुढे सरकवायचा असं लिहितात. स्वतःच्या लॅपटॉपवर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ३०० पिक्सेल, मस्त चालतो. तोच गेम परीक्षकाच्या १४४ फ्रेमच्या मॉनिटरवर ७२० पिक्सेलने धावतो आणि खेळणाऱ्याला आवरतच नाही. वेगाला दोन फ्रेममधल्या वेळाने गुणायचं राहिलेलं असतं. एक गुणाकार! आपल्या वेळच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटवर सगळं एकाच वेगाने चालायचं कारण सगळ्यांची मशीन एकसारखीच भंगार होती. (आणि ती "९९९९ इन वन" मी फोडली नव्हती. सामंतांच्या गच्चीवरून ती कुणाच्या हातून पडली, हे तुला, मला आणि खालच्या तुळशीला माहीत आहे.)

पण तू लिहितोस की ती सारखी चित्रं काढते. तर दुसरं दार आर्टचं. यात पदवी कुणी विचारत नाही, पोर्टफोलिओ बघतात, तोही मिनिटभर. पहिल्या दोन चित्रांत दम नसेल तर तिसरं उघडतसुद्धा नाहीत. वीस अर्धवट राक्षसांपेक्षा तीन पुऱ्या वस्तू बऱ्या. तिला म्हणावं, तुमच्या माळ्यावरचा काकूंचा पितळी स्टोव्ह काढ आणि तो कर. चेष्टा नाही. ड्रॅगन सगळेच करतात, पंपाचा स्टोव्ह मी कुणाच्या पोर्टफोलिओत बघितलेला नाही.

आधी पट्टी शेजारी धरून चारी बाजूंनी फोटो. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात खऱ्या मापाने ठोकळे मांडायचे. २२ सेंटिमीटरचा स्टोव्ह चुकून २२ मीटरचा केला, तर अनरील या गेम इंजिनमध्ये (ज्यात गेम उभा करतात त्या सॉफ्टवेअरमध्ये) नेल्यावर सात मजली उभा राहतो. मग एक बारीक तपशिलाचं मॉडेल, पोचे आणि टाकीच्या सांध्यासकट. मग त्याच आकाराचं हलकं मॉडेल, चारेक हजार त्रिकोणांत. टाकीच्या गोलाईला २४ बाजू पुरतात, पण पंपाच्या दांड्याला तेवढ्याच दिल्या तर परीक्षक हसतो, कारण तो दांडा पडद्यावर आगपेटीच्या काडीएवढा दिसणार. मग हलक्या मॉडेलची कातडी सोलून सपाट पसरायची, त्याला यूव्ही म्हणतात, आणि आधीच्या तपशिलाच्या मॉडेलचे बारकावे त्यावर बेक करायचे, म्हणजे चित्रासारखे छापायचे. इथे घोळ होतो. ब्लेंडरचा नॉर्मल मॅप, म्हणजे उंच-खोल दाखवणारं ते छापलेलं चित्र, ओपनजीएल पद्धतीचा, अनरीलला डायरेक्टएक्सचा लागतो, दोघांत हिरवा चॅनल उलटा. तो फिरवला नाही तर टाकीचा पोचा टेंगूळ होऊन बाहेर येतो. दोन दिवस प्रकाशयोजनेला दोष देत बसण्यापेक्षा आधी तेवढं एक बटण बघावं.

रंगवताना पितळ हे पूर्ण धातू, काजळी बिलकुल धातू नाही, मधलं काही ठेवायचं नाही. चमक मात्र जागोजागी वेगळी. हात लागतो तिथे, पंपाच्या टोकाला, गुळगुळीत; बर्नरखाली रॉकेल सांडून काळं पडलेलं. हे न बघता सगळीकडे सारखा गंज फासतात आणि वस्तू प्लॅस्टिकची दिसते. शेवटी साधी पार्श्वभूमी, दोन-तीन दिवे, एक चित्र पूर्ण, एक नुसत्या जाळीचं, एक टेक्स्चरचं (वर चढवलेल्या रंगाचं), आणि ते आर्टस्टेशन या कलाकारांच्या साइटवर टाकायचं. पहिल्या स्टोव्हला तीन आठवडे लागू देत. तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडला, तर नऊ लाख वाचले आणि कुणाचं काही गेलं नाही. दिवाळीपर्यंत ही परीक्षा घे, एवढंच मागतोय.

खर्च विचारशील. खरा खर्च मशीनचा. १६ जीबी रॅम अगदी किमान, ३२ असेल तर उत्तम, वेगळं ग्राफिक्स कार्ड, एसएसडी. लाखाच्या आतबाहेर धर. "पातळ आणि दिसायला छान" म्हणून वहिनी जो लॅपटॉप घेताहेत तो घेऊ नका, त्यात अनरील उघडेपर्यंत चहा होतो. गोडो हे दुसरं गेम इंजिन फुकट आहे. अनरीलही फुकट, एका गेमने दहा लाख डॉलर कमावले की पुढच्या कमाईवर पाच टक्के द्यायचे. मनूवर ती पाळी आली तर मी स्वतः सांगलीला येऊन भरीन. तिने छोटासा मोबाइल गेम केला तर गूगल प्लेचे २५ डॉलर एकदाच, पण नव्या वैयक्तिक खात्याला आधी बारा माणसांनी सलग चौदा दिवस तो टेस्ट करावा लागतो. तुझ्या भिशीतलेच बारा धर. त्यांना नाहीतरी काय काम असतं?

डिझाइनचंच वेड डोक्यात राहिलं तर पुढचे रस्तेही आहेत. यूसीड या डिझाइनच्या प्रवेश परीक्षेचे फॉर्म ऑक्टोबरात निघतात, परीक्षा जानेवारीत. बारावीच्या वर्षी नाहीतर लगेच पुढच्या वर्षी, म्हणजे तिला एक संधी अजून आहे. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसीचं बी.डेस., म्हणजे डिझाइनची पदवी, त्यातूनच. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचं डिजिटल गेम डिझाइन बंगळुरूला आहे, पण ते पदवीनंतरचं. मुंबईत पेडर रोडला सरकारच्या पुढाकाराने आयआयसीटी ही ॲनिमेशन-गेमिंगची संस्था २०२५ मध्ये सुरू झालीय, तिच्याबद्दल दोनेक बॅचेस बाहेर पडल्यावर बोलू. स्कॉटलंडमधल्या डंडीचं ॲबर्टे विद्यापीठ १९९७ पासून गेमची पदवी देतंय, अमेरिकेतलं डिजिपेन नावाजलेलं आहे. त्यांची फी बघ आणि टॅब बंद कर. इंजिनिअरिंग करता करता जानेवारीतल्या ग्लोबल गेम जॅमला तिला पाठव. अनोळखी चौघांबरोबर साधारण ४८ तासांत एक गेम उभा करायचा. दोन रात्री जागून झाल्यावर तिला काय वाटलं, ते कुठल्याही कौन्सेलरपेक्षा खरं असेल.

आणि टेस्टरचं काम करून बघायचं तर आजच करता येतं. आवडत्या गेममध्ये एक बग शोधायला सांग आणि लिहायला लाव. कुठली आवृत्ती, कुठला फोन, पायऱ्या एक-दोन-तीन, काय व्हायला हवं होतं, काय झालं, दहा वेळा केलं तर किती वेळा झालं. "गेम हँग होतो" असं लिहिलं तर शून्य मार्क. हे नीट लिहिता येणारी मुलं फार थोडी असतात, मराठीतसुद्धा.

दुकानाचा नवा बोर्ड फोटोत बघितला, झकास आहे. अक्षरं अंमळ मोठी, तुझ्यासारखी. कृष्णामाई यंदा तरी पायरीवरच राहो. धाकट्याच्या दाताचं काय झालं? हे सगळं विचारायला वेगळा फोन करतो, आज बोटं दुखली.

मनूला सांग, पुढच्या रविवारी सकाळी दहाला मला फोन कर, त्याआधी स्टोव्हची उंची आणि टाकीचा घेर मोजून ठेव. तू मध्ये बोलायचं नाहीस. आणि स्टोव्हची पिन कुठे आहे ते काकूंना विचार. सापडली नाही तर तिला म्हणावं, पिनेशिवायच कर, पण बर्नरचं भोक बुजलेलं दाखव.

तुझाच,
बाब्या