सर्व्हर बदला, पण प्रवाशाचे अ‍ॅप बंद पाडू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एका सार्वजनिक वाहतूक सेवेने आपले मोबाइल अ‍ॅप नव्या सर्व्हरवर नेताना जुनी आवृत्ती एका रात्रीत बंद केली आणि सकाळी थांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशांना ‘अ‍ॅप अपडेट करा’ एवढीच सूचना दिसली. ज्यांच्या फोनमध्ये जागा नव्हती किंवा ज्यांच्या जुन्या फोनवर नवी आवृत्ती चालत नव्हती, त्यांना मासिक पास असूनही रोख पैसे मोजून तिकीट काढावे लागले. याच क्षेत्रात काम करत असल्याने मी खात्रीने सांगतो की, हा मनस्ताप टाळता आला असता.

संकेतस्थळ सर्व्हरवर बदलले की सर्वांसाठी बदलते. अ‍ॅप मात्र लोकांच्या फोनमध्ये असते आणि इंटरनेटवरील कुठल्या पत्त्यावर माहितीची विनंती पाठवायची हे त्यात आधीच लिहिलेले असते. म्हणून तो पत्ता तसाच ठेवून तेथे प्रथम रिव्हर्स प्रॉक्सी (विनंत्या स्वीकारून पुढे पाठवणारा मधला सर्व्हर) बसवावा, म्हणजे आलेली प्रत्येक विनंती जुन्या सर्व्हरकडे द्यायची की नव्या, हे तो ठरवतो आणि फोनला ते कळतही नाही. एन्जिनएक्स किंवा एचएप्रॉक्सी ही त्यासाठीची सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध आहेत. आधी वेळापत्रकासारख्या केवळ वाचायच्या विनंत्या नव्या सर्व्हरकडे वळवाव्यात, त्याही थोड्या थोड्या. लॉगिन आणि पैशांचे व्यवहार शेवटी. काही बिघडलेच, तर प्रॉक्सीच्या कॉन्फिगरेशनमधील (सेटिंगच्या फाइलमधील) एखादी ओळ पूर्ववत करून एन्जिनएक्स रीलोड करता येतो आणि तसे करताना सुरू असलेल्या विनंत्याही तुटत नाहीत.

यात काळजी घ्यावीच लागते. प्रवाशाचा मूळ आयपी पत्ता प्रॉक्सीने पुढे कळवला नाही, तर नव्या सर्व्हरला सर्व विनंत्या एकाच ठिकाणाहून येत आहेत असे वाटते आणि तो हल्ला समजून सर्वांनाच अडवू शकतो. दोन्ही सर्व्हरांच्या नोंदी वेगवेगळ्या डेटाबेसमध्ये जाऊ लागल्या, तर त्या नंतर जुळवणे फार जिकिरीचे ठरते. शिवाय प्रॉक्सी एकच असेल, तर तो बंद पडताच सारेच ठप्प होते.

पत्ता स्वतःच्या मालकीचा असणे याहून महत्त्वाचे आहे. फेसबुकने 28 जानेवारी 2016 रोजी ‘पार्स’ ही बॅकएंड सेवा (इतरांच्या अ‍ॅपचे सर्व्हरवरचे काम सांभाळणारी सेवा) वर्षभरात बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा थेट पार्सच्याच पत्त्यावर बोलणाऱ्या अ‍ॅपच्या निर्मात्यांना पुरेशी मुदत आणि पार्स सर्व्हरचा मुक्त कोडही मिळाला. परंतु तो पत्ता त्यांच्या हातात नसल्याने तेथे स्वतःचा प्रॉक्सी बसवणे त्यांना शक्य नव्हते आणि प्रत्येक फोनपर्यंत नवी आवृत्ती पोहोचवण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

नागरिकांच्या पैशातून अ‍ॅप करून घेणाऱ्या संस्थांनी निविदेतच अट घालावी की, सर्व्हरचा पत्ता संस्थेच्याच डोमेनवर राहील, स्थलांतर टप्प्याटप्प्याने होईल आणि जुन्या आवृत्तीतून रोज किती विनंत्या येत आहेत हे मोजून लेखी कळवल्याशिवाय कंत्राटदार ती आवृत्ती बंद करणार नाही.

आपला,
एक बॅकएंड अभियंता, पुणे