तुमच्या जिंजर बिअर किटच्या पत्रकात ‘48 तास’ लिहिलंय, त्यामुळे आमच्याकडे बाटल्या फुटल्या

नमस्कार,

मी वेंगुर्ल्याहून लिहितेय. आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे, पाहुण्यांना कोकम सरबत नेहमीचंच, म्हणून यंदा मे महिन्यात तुमचं आल्याच्या जिंजर बिअरचं किट मागवलं. पत्रकात लिहिल्याप्रमाणे 5 लिटर पाण्यात अर्धा किलो साखर, आलं, लिंबू आणि तुमचं यीस्ट घातलं, 48 तास ठेवलं, मग क्लिपच्या झाकणाच्या काचेच्या 10 बाटल्यांत भरून ‘10 दिवस खोलीत ठेवा’ म्हणून कोठीच्या खोलीत ठेवलं. चौथ्या दिवशी दुपारी 3 बाटल्या फुटल्या. काचा पार छताच्या वाशांपर्यंत उडाल्या होत्या, आणि दहा मिनिटांपूर्वी माझी सहा वर्षांची भाची तिथूनच आंबे घेऊन गेली होती. हे लिहिताना अजून हात थरथरतोय.

तुमच्या कस्टमर केअरचं उत्तर आलं की बाटल्या नीट धुतल्या नसतील. अहो, न धुतलेल्या बाटलीने चव बिघडेल, पण इथे सगळ्याच बाटल्यांत गॅस दाटला होता, कारण साखर आंबायची बाकी होती. उरलेल्या बाटल्या मी फ्रीजमध्ये गार करून, अंगावर जाड टॉवेल घेऊन हळूहळू उघडल्या, गॅस जाऊ दिला आणि हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजून साखर किती उरलीय ते दाखवणारं साधन) आणून मोजलं तर 1.022 आलं. सुरुवातीला एवढ्या साखरेचं 1.038 च्या आसपास असतं, म्हणजे निम्म्याहून जास्त साखर तशीच होती. एका लिटरमध्ये 4 ग्रॅम साखर आंबली की जवळपास 1 लिटर कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तुमच्या रेसिपीत लिटरला 100 ग्रॅम आहे, झाकण बंद केल्यावर तो गॅस जाणार कुठे?

घरी बिअर करणारे लोक आधी पूर्ण आंबू देतात, 18 ते 22 डिग्रीला साधारण दोन आठवडे, हायड्रोमीटरचं रीडिंग दोन-तीन दिवस एकच आलं की मगच लिटरला 6-7 ग्रॅम साखर घालून भरतात. तुमचं पेय अर्धवट आंबलेलं असतानाच बाटलीत जातं, त्याला तर जास्त काळजी हवी. आणि 48 तास हे कुठल्या हवेसाठी? आमच्याकडे मे मध्ये दुपारी घरात 32-33 डिग्री असतं, सकाळी काढलेली माडी दुपारपर्यंत किती आंबते हे इथल्या पोरासोरांना पण माहीत आहे, मग पत्रकात तापमानाचा एक शब्द का नाही?

प्लास्टिकच्या सोड्याच्या बाटलीत भरा, रोज दाबून बघा, कडक झाली की लगेच फ्रीजमध्ये ठेवा, इतकं छापलं असतं तरी पुरलं असतं. आणि खोक्यावर सॉफ्ट ड्रिंक लिहिलंय, पण बाहेर जास्त दिवस ठेवलं तर त्यात अल्कोहोल वाढतं हे सुद्धा सांगायला हवं, मी ते पाहुण्यांच्या मुलांना देणार होते.

मला किटचे आणि बाटल्यांचे पैसे परत हवेत, आणि त्याहून जास्त म्हणजे हे किट ज्यांनी ज्यांनी घेतलंय त्या सगळ्यांना आजच मेसेज जायला हवा की काचेच्या बाटल्या फ्रीजमध्ये टाका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये पुरेशा सूचना न दिल्याने झालेल्या इजेची जबाबदारी कंपनीवर येते. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार करणार आहे. फुटलेल्या काचांचे आणि छताचे फोटो सोबत जोडलेत.

वेंगुर्ल्याहून तुमची ग्राहक