पाटल्या

सुमे,

सात महिने फोन नाही केला, रागावली असशील, रागव. माझं बीपी ठीक, आईचे गुडघे होते तसेच.

परवा देवगडला वकीलबाईंकडे गेलेले. दोघांची संमती असली तर सोपं म्हणाल्या, वर्षभर वेगळं राहिलेलं पाहिजे (मला विजयदुर्गला येऊन चौदा महिने झाले), अर्ज टाकला की सहा महिने थांबायचं, तेपण सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालामुळे जजना पटलं तर माफ होतात. नायतर भांडत बसा, छळ सिद्ध करा, किंवा दोन वर्षं सोडून गेल्याचं दाखवा. मी म्हटलं, रोज माझ्या चहाला पाणचट म्हणायचा, हे छळात बसतं का? बाई हसल्या नाहीत गं.

मग सातबारा काढला. बोट ठेवून एकेक नाव वाचलं त्यांनी, सासरे, दोन चुलतसासरे, मुंबईची एक आत्या जिला मी लग्नातपण बघितली नाही. चाळीस कलमं मी लावली, पहिले दोन उन्हाळे विहिरीवरनं कळशीने पाणी घातलं आणि कागदावर काय, तर पीक आंबा. संपलं. घटस्फोटात अर्धं-अर्धं असं काही आपल्याकडे नसतंच म्हणे, ज्याच्या नावावर त्याचं. पोटगी मागायची, एकरकमीपण घेता येते. स्त्रीधन तेवढं माझं, नवऱ्याने वापरलं तरी परत द्यायचं.

आणि आता तुझ्यावर आलंय. पाटल्या मोडू नको म्हणून तू बोंबललीस, मी तुला जळकुकडी म्हटलं, तरी सोनाराच्या पेढीवर तोंड फुगवून माझ्या बाजूलाच बसलेलीस. पावती सापडलीय, आईच्या तांदळाच्या डब्यात, पण त्यावर नाव माझं. पैसे त्याने कलमांना नि कुंपणाच्या चिऱ्याला घेतले हे सांगणारं कोण? त्याचा वकील म्हणणार, बाईने मर्जीने दिले. आता तो संमतीला तयार आहे, फक्त 'सोन्याबद्दल काही मागणं नाही' एवढं लिहून हवंय त्याला.

सही करून मोकळी होऊ काय गं? काल एसटी तिकडनंच गेली, सगळी मोहरलीत, मी खिडकी बंद केली नि मग परत उघडली.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला काय? पोराची दहावी ना यंदा, त्याला सांग मावशीने विचारलंय.

कोर्टात येऊन सांगशील? जळकुकडीचं मागे घेते. आणि त्या दिवशी पेढीबाहेर माझ्या उघड्या हातांचा फोटो काढलेलास, चिडवायला, तो असला तर आधी पाठव.

तुझी,
मंगी