गुंतवणुकीच्या वाटेने परदेशी वास्तव्य : मित्रास पत्र

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची तिन्ही माहितीपत्रके मिळाली. कंपनीतला हिस्सा विकून आलेल्या रकमेचा काही भाग गुंतवून कुटुंबासाठी परदेशात कायमच्या वास्तव्याची सोय करावी, असा तुझा विचार आहे आणि अमेरिका, ग्रीस व पोर्तुगाल यांपैकी कोणती वाट धरावी, असे तू विचारले आहेस. अशा अर्जांसाठी लागणारी पैशाची कागदपत्रे जुळवून देण्याचे काम मी करतो, त्यामुळे या व्यवहाराची आतली बाजू मला ठाऊक आहे; व्हिसाच्या कायद्याबाबत मात्र शेवटचा शब्द त्या त्या देशातल्या वकिलाचाच मान. माझे मत आधीच सांगून टाकतो. या योजनांची किंमत पैशात लिहिलेली असली तरी वसूल होते ती काळात, आणि तुझ्याकडे पैसा पुरेसा असला तरी काळ कमी आहे, कारण तुझी मुलगी नेहा सतरा वर्षांची आहे.

तुझ्यापुढच्या तिन्ही पत्रकांवर ‘वास्तव्य’ हा एकच शब्द छापलेला असला तरी त्यातून मिळणाऱ्या गोष्टी तीन निरनिराळ्या आहेत. अमेरिकेचे ग्रीन कार्ड हे तिथे खरोखर राहणाऱ्यासाठी आहे. कार्ड घेऊन बाहेरच राहणाऱ्याने वास्तव्य सोडले असे मानून ते काढून घेता येते, आणि कार्ड हातात असेपर्यंत जगात कुठेही मिळालेल्या उत्पन्नाचा हिशेब अमेरिकेच्या करखात्याला द्यावा लागतो. ग्रीसचा परवाना याच्या नेमका उलट आहे. तो टिकवण्यासाठी तिथे एक दिवसही राहण्याची अट नाही, पण म्हणूनच नुसता परवाना बाळगून नागरिकत्व मिळत नाही. त्यासाठी सात वर्षे प्रत्यक्ष तिथे राहावे लागते आणि ग्रीक भाषेची परीक्षा द्यावी लागते. शिवाय त्या परवान्यावर ग्रीसमध्ये नोकरी करता येत नाही आणि युरोपातल्या इतर देशांत तर स्थायिकही होता येत नाही, फक्त शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, १८० दिवसांतले ९० दिवस फिरता येते. ‘एका घरात सारा युरोप’ हे तुझ्या पत्रकावरचे वाक्य वाचताना हे लक्षात ठेव. पोर्तुगालची योजना या दोहोंच्या मध्ये बसते: वर्षाला सरासरी सात दिवस राहिले तरी चालते आणि पुढे नागरिकत्वाची वाटही उघडी राहते.

अमेरिकेविषयी सविस्तर लिहितो, कारण तुझा कल तिकडे आहे. ईबी-५ हा गुंतवणूकदारांना ग्रीन कार्ड देणारा व्हिसाचा वर्ग १९९० च्या कायद्याने निर्माण झाला. गुंतवणूकदाराने ठरावीक रक्कम नव्या उद्योगात घालायची आणि त्यातून किमान दहा पूर्णवेळ रोजगार उभे राहायचे, अशी त्याची मूळ कल्पना आहे. २०२२ च्या सुधारणा कायद्यानंतर ही रक्कम १० लाख ५० हजार डॉलर आहे. ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारी असलेल्या भागात, तसेच सरकारी पायाभूत प्रकल्पात, ती ८ लाख डॉलर आहे. बहुतेक अर्जदार स्वतः उद्योग काढत नाहीत, ते रीजनल सेंटरमार्फत, म्हणजे अनेकांची गुंतवणूक एकत्र करणाऱ्या सरकारमान्य संस्थेमार्फत, एखाद्या हॉटेल, निवासी संकुल किंवा अशाच प्रकल्पाला पैसे पुरवतात आणि रोजगार अर्थशास्त्रज्ञाच्या गणितावरून मोजले जातात. रकमेवर पन्नास ते ऐंशी हजार डॉलरच्या आसपास व्यवस्थापन शुल्क पडते, ते सहसा परत मिळत नाही. वकिलाची आणि सरकारी फी वेगळी.

आता काळाचा हिशेब पाहा. या वर्गात दरवर्षी सुमारे दहा हजार व्हिसा निघतात, त्यांत पत्नी आणि मुलेही मोजली जातात, आणि कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे चीन आणि भारत या दोन देशांत जन्मलेल्या अर्जदारांना बिनराखीव गटात वर्षानुवर्षे थांबावे लागते. २०२२ च्या कायद्याने ग्रामीण भागासाठी २० टक्के, जास्त बेरोजगारीच्या भागासाठी १० टक्के आणि पायाभूत प्रकल्पांसाठी २ टक्के व्हिसा राखून ठेवले, म्हणून आजचे सगळे दलाल ‘रूरल’ या एकाच शब्दाचा जप करतात. जप अगदीच निराधार नाही; ग्रामीण प्रकल्पांच्या याचिका, म्हणजे गुंतवणूकदारांचे मूळ अर्ज, आधी तपासाव्यात, असे कायद्यातच आहे. पण राखीव गटातही अर्ज साचत जातात, आणि आज मोकळी असलेली रांग तुझा क्रमांक येईपर्यंत मोकळीच राहील, अशी हमी कुणीही देऊ शकत नाही.

नेहाचा प्रश्न इथेच येतो. एकविसावे वर्ष ओलांडलेले मूल आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. मुलांच्या संरक्षणासाठी एक कायदा आहे, त्यानुसार याचिका जितका काळ सरकारकडे प्रलंबित राहिली तितका काळ मुलाच्या वयातून वजा होतो. मंजुरीनंतर व्हिसाचा क्रमांक लागेपर्यंतचा काळ मात्र वजा होत नाही. याचा परिणाम मोठा विचित्र आहे: रांग लांब असेल तर याचिका झटपट मंजूर होणे हेच कुटुंबाच्या अंगाशी येते, कारण वयाचे घड्याळ मंजुरीच्या दिवसापासून पुन्हा चालू होते. ‘काही महिन्यांत मंजुरी’ असे पत्रकात ठळक छापले आहे, त्यावर तू खूश झालास; मी तुझ्या जागी असतो तर त्याच ओळीवर वकिलाला तासभर बसवले असते. एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूची आहे. नेहा पुढच्या वर्षी शिक्षणासाठी अमेरिकेत जाणारच आहे, आणि २०२२ पासून, तिथे कायदेशीर व्हिसावर असलेल्या व्यक्तीला आपल्या गटाची रांग मोकळी असताना याचिकेसोबतच ग्रीन कार्डाचाही अर्ज करता येतो व निकालाची वाट पाहत असताना कामाचा परवाना मागता येतो. म्हणूनच काही कुटुंबांत आईवडील मुख्य अर्जदार होत नाहीत. ते मुलाला रक्कम भेट देतात आणि सज्ञान मूलच स्वतःच्या नावाने गुंतवणूक करते. त्यात वयाचा प्रश्नच उरत नाही, पण मग तुला आणि वहिनींना काहीच मिळत नाही. हा निर्णय तुम्ही तिघांनी बसून घ्यायचा आहे, कन्सल्टंटने नव्हे.

पैसा ‘जोखमीत’ असला पाहिजे, ही अट तुझ्या पत्रकात अगदी बारीक अक्षरात दिली आहे. परतफेडीची हमी देणारा करार केला तर अर्जच फेटाळला जातो, म्हणजे कायदाच म्हणतो की बुडण्याची शक्यता खरी असावी. व्हरमाँट राज्यातल्या जे पीक या स्की रिसॉर्टचे प्रकरण तू जरूर वाच. अनेक देशांतल्या गुंतवणूकदारांकडून ३५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम तिथे उभारली गेली, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन या अमेरिकेच्या रोखेबाजार नियामकाने त्यातल्या २० कोटींहून अधिक रकमेच्या गैरवापराचा आरोप ठेवून दावा दाखल केला. पुढे प्रवर्तकांना तुरुंगवास झाला. शेजारच्या न्यूपोर्ट गावात या योजनेसाठी बाजारपेठेतल्या इमारती पाडल्या होत्या, त्या जागी वर्षानुवर्षे नुसता खड्डा राहिला. त्यानंतर कायदा कडक झाला, हिशेब तपासणी आणि प्रत्यक्ष पाहणी आली, आणि प्रकल्प विकून देणाऱ्या मध्यस्थाला स्वतःची नोंदणी करून आपले कमिशन लेखी उघड करावे लागते. तुला ‘मोफत सल्ला’ देणाऱ्या सद्गृहस्थांकडून तो कागद मागून घे. त्यांचे पैसे कुठून येतात ते कळले, की ते एकाच प्रकल्पाची एवढी स्तुती का करतात तेही कळेल.

आता माझ्या कामाविषयी. सोर्स ऑफ फंड्स, म्हणजे पैशाच्या उगमाचा पुरावा, हे नुसते बँकेचे प्रमाणपत्र असते, असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात अधिकाऱ्याला रक्कम आज कुठे आहे यात रस नसतो, ती मुळात कुठून जन्मली हे त्याला पाहायचे असते. तुझ्या बाबतीत हिस्सा विक्रीचा करार, मूल्यांकन, खरेदीदाराच्या खात्यातून आलेली रक्कम आणि भांडवली नफ्यावरचा कर भरल्याची पावती एवढ्यावर भागणार नाही. कंपनी सुरू करताना तुझ्या सासऱ्यांनी दिलेले भांडवल कर्ज होते की भेट, आणि त्यांच्याकडे ते कशातून आले, हेही विचारले जाऊ शकते. एका फाइलमध्ये वडिलांनी दिलेल्या भेटीचा माग काढताना मला जमिनीच्या फार जुन्या खरेदीखतापर्यंत जावे लागले होते, आणि तिथवर पोहोचल्यावर खतातले नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळेना; वडिलांचे नाव, आजोबांचे नाव आणि आडनाव यांचा क्रम उलटसुलट झाला होता. प्रतिज्ञापत्र, जुना शाळेचा दाखला आणि भाषांतरकाराचे प्रमाणपत्र जोडल्यावर ती कडी जुळली. पैसा पूर्णपणे स्वच्छ होता. कागदच तसे सांगत नव्हते.

पैसे बाहेर पाठवण्याचेही असेच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवता येतात. म्हणजे ८ लाख डॉलर आणि वरचे शुल्क पाठवायचे, तर तू आणि वहिनी दोघांच्या नावे काही रक्कम मार्चमध्ये आणि उरलेली एप्रिलमध्ये, अशी दोन आर्थिक वर्षांत ती विभागावी लागेल, आणि वहिनींच्या खात्यात जाणाऱ्या रकमेचे बक्षीसपत्र आधी करावे लागेल. चिनी अर्जदारांची मर्यादा तर वर्षाला ५० हजार डॉलरच असल्याने त्यांना कितीतरी नातेवाइकांची खाती वापरावी लागतात आणि प्रत्येक खात्याचा कागद जोडावा लागतो. त्या मानाने तुझी फाइल सरळ आहे, पण ती आजच सुरू केली तरच मार्च गाठता येईल.

युरोपबद्दल माझा मुख्य आक्षेप खर्चाचा नाही. तिथले दरवाजे कधी बंद होतील याचा नेम नसतो. ब्रिटनने आपला गुंतवणूकदार व्हिसा १७ फेब्रुवारी २०२२ रोजी बंद केला, आयर्लंडने पुढच्या फेब्रुवारीत, आणि स्पेनने ३ एप्रिल २०२५ पासून. २०२५ च्या एप्रिलमध्येच युरोपीय न्यायालयाने माल्टाची पैशाच्या बदल्यात नागरिकत्व देणारी योजना बेकायदा ठरवली, कारण नागरिकत्व ही खरेदीविक्रीची वस्तू नाही. घरांच्या किमती स्थानिक लोकांच्या आवाक्याबाहेर गेल्या की राजकारण्यांचे लक्ष आधी परदेशी खरेदीदाराकडे जाते, आणि ते नेहमीच अन्यायाचे असते असेही मला वाटत नाही. पोर्तुगालने २०२३ च्या ऑक्टोबरात घरखरेदीचा मार्ग बंद केला. आता ५ लाख युरो ठरावीक प्रकारच्या फंडात घालणे हा मुख्य पर्याय उरला आहे. तिथे पाच वर्षांत नागरिकत्व, असे तुझे पत्रक म्हणते. २०२५ च्या ऑक्टोबरात तिथल्या संसदेने ही मुदत बहुतेक परदेशीयांसाठी दहा वर्षांवर नेणारा कायदा संमत केला आणि तो घटना न्यायालयापुढे गेला, याचा पत्रकात उल्लेखही नाही. ग्रीसने २०२४ मध्ये अथेन्सचा परिसर, थेस्सालोनिकी आणि मोठी बेटे यांसाठी घरखरेदीची किमान रक्कम ८ लाख युरोवर नेली, इतरत्र ती ४ लाख आहे, आणि अशी जागा पर्यटकांना अल्पमुदतीने भाड्याने देण्यास मनाई केली. तुझ्या पत्रकातले अडीच लाखांचे घर म्हणजे व्यावसायिक इमारतीचे निवासी रूपांतर असणार. रूपांतर खरोखर पूर्ण झाले आहे का, हे पाहिल्यावाचून एक युरोही देऊ नकोस.

कॅनडाविषयी तू ओझरते लिहिले आहेस. तिथली केंद्र सरकारची योजना १९८६ पासून चालू होती आणि २०१४ मध्ये ती रद्द करताना हजारो कुटुंबांचे प्रलंबित अर्जही एका कायद्याने संपवले गेले. फी परत मिळाली, पण थांबण्यात गेलेली वर्षे परत मिळाली नाहीत. अमेरिकेतही २०२१ च्या जूनअखेरीस रीजनल सेंटरची मुदत संपली आणि पुढच्या मार्चपर्यंत त्या याचिकांचे काम ठप्प होते. त्यातून धडा घेऊन २०२२ च्या कायद्याने, ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत दाखल झालेल्या याचिका योजना पुढे बंद पडली तरी चालू राहतील, असे संरक्षण दिले आहे. तुझ्या दृष्टीने ही तारीख रकमेहून महत्त्वाची आहे. न्यूझीलंड ५० लाख तिथल्या डॉलरपासून सुरू होते आणि दुबईच्या मालमत्तेवर मिळणारा परवाना दहा वर्षांचा असला तरी तो नागरिकत्वाकडे नेत नाही, म्हणून त्या दोहोंचा विचार तू सोडून द्यावास हे बरे.

तेव्हा तुम्ही खरोखर अमेरिकेत राहायला जाणार असाल, तर ग्रामीण प्रकल्प निवडून, नेहाच्या वयाचा लेखी हिशेब वकिलाकडून घेऊन, लगेच कामाला लाग. जाणार नसाल आणि नुसती सोय हवी असेल, तर ग्रीन कार्डाच्या वाटेला जाऊ नकोस. जगभरच्या उत्पन्नावरचा तो कर केवळ सोयीखातर ओढवून घेण्यासारखा नाही. वहिनींचे या बाबतीतले म्हणणे तुझ्या पत्रात कुठेच आले नाही, ते आधी मला कळव.

हिस्सा विक्रीच्या कराराची प्रत, मागच्या सात वर्षांची करविवरणपत्रे आणि सासऱ्यांशी झालेल्या व्यवहाराचे जे काही कागद सापडतील ते पाठवून दे. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी आणि एस्क्रो खात्यात (अटी पूर्ण होईपर्यंत त्रयस्थाकडे रक्कम ठेवण्याच्या खात्यात) एकही डॉलर भरण्यापूर्वी मला फोन कर.

वहिनींना नमस्कार, नेहाला अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच.

तुझा,
श्रीधर